कठड्यावरचा बफर

ठिणगीचं खरं नाव फक्त ऑफिसातल्या हजेरीपुरतं उरलं होतं. शाळकरी वयात तिने बाबांच्या रेडिओचा मागचा पत्रा काढून आत स्क्रूड्रायव्हर खुपसला आणि सगळ्या मजल्याची वीज घालवली, तेव्हापासून ती ठिणगी. पुढे केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, लग्न झालं आणि मोडलंही, पण नाव काही सुटलं नाही. मोडलेल्या लग्नाबद्दल ती फारसं बोलत नसे. कुणी खोदून विचारलंच तर म्हणे, “जोड बरोबर बसला नव्हता.” विचारणारा गप्प बसे, कारण पुढे ही बाई सोल्डरिंगबद्दल बोलणार की नवऱ्याबद्दल, याचा नेम नसे.

ती नोकरी करायची ती मोजमापाची साधनं बनवणाऱ्या एका कंपनीत. तिचं खातं प्रोबचं. प्रोब म्हणजे पेनासारखं एक टोक. ते सर्किटला टेकवायचं, की आत विजेचं काय चाललंय ते पडद्यावर दिसतं. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळी गोम त्या टेकवण्यातच आहे. टोक टेकलं की ते सर्किटमधून थोडी तरी वीज ओढतंच, आणि ओढली की सर्किट बदलतं. म्हणजे बघायला गेलात ते एक आणि दिसलं ते दुसरंच. म्हणून टोकामागे बफर बसवतात. बफरचं काम एवढंच, की समोरच्याचं काही न घेता त्याचं म्हणणं जसंच्या तसं पुढे पोचवायचं. तहानलेल्याच्या ओंजळीतलं पाणी न पिता त्याची चव सांगण्यासारखंच ते. मंद सिग्नलांसाठी असा बफर कुणीही करील. पण सेकंदाला कोट्यवधी हेलकावे घेणारे सिग्नल असले, आणि हळू-जलद सगळेच एकाच दारातून आत घ्यायचे असले, की भल्याभल्यांना घाम फुटतो. ठिणगीची उभी हयात त्या घामात गेली होती. खात्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी बजावायची, “मोजणारा हात मोजणीत मिसळतो. हे विसरलात तर घरी जा आणि भाजी विका.” भाजी विकणं सोपं असतं असा तिचा का समज होता, देव जाणे.

घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबा बंदरावरच्या वायरलेस केंद्रात ऑपरेटर होते. जहाजांशी टकटक भाषेत बोलणं हा त्यांचा धंदा. लांब टिंब, आखूड टिंब, त्यांची अक्षरं, अक्षरांचे संदेश. खाडीच्या पलीकडच्या केंद्रावर त्यांच्यासारखाच एक जण बसायचा. त्याला बाबा जोडीदार म्हणत. नोकरीभर दोघं रोज एकमेकांशी बोलले, आणि प्रत्यक्ष भेटले ते एकदाच, जोडीदाराच्या लग्नात. तिथे समोरासमोर बसल्यावर काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. शेवटी ताटाच्या कडेवर चमच्याने टकटक करत बसले, तेव्हा कुठे गप्पा रंगल्या. नवरी मुलगी रडायची बाकी राहिली होती म्हणतात.

निवृत्तीनंतरही हे खूळ सुटलं नाही. दोघांनी हौशी रेडिओवाल्यांचा परवाना काढला आणि दर रविवारी संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी दोघं हवेत भेटायचे. माणसाच्या अक्षरासारखा टकटकीतही हात ओळखू येतो. जोडीदाराचा हात जरा लंगडा होता, लांब टिंब तो उगाच ताणायचा. बाबा म्हणत, “हजार जणांत ओळखीन. दारू प्यायलेल्या सुतारासारखा ठोकतो.”

मग म्हातारपण आलं, आणि दोघांकडे वेगवेगळ्या वाटांनी आलं. बाबांची दृष्टी गेली. समोर उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. जोडीदाराच्या घशात गाठ निघाली, शस्त्रक्रियेत आवाज गेला. म्हणजे एकाला वाचता येईना आणि दुसऱ्याला बोलता येईना. फोनचा उपयोग शून्य. फोनवर टकटक करूनही पाहिली, पण हल्लीचे फोन अतिशहाणे, तो आवाज गोंगाट समजून मध्येच गिळून टाकतात. जोडीदाराने लिहून पाठवावं आणि ठिणगीने वाचून दाखवावं, हेही झालं. बाबांनी दोन-चारदा ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुझ्या तोंडून आलं की ते तुझं होतं गं. त्याचं राहत नाही.” तेव्हा राहिली ती टकटकच. एकाचे कान शाबूत होते, दुसऱ्याचा हात शाबूत होता, आणि मध्ये हवा होती.

त्यातच त्यांचं जुनं घर पाडायला निघालं आणि बापलेक एका उंच इमारतीत राहायला आले. जुन्या घरी बाबांनी दोन झाडांच्या मध्ये लांबलचक तार टांगली होती. इथे सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “गच्चीवर तार? छे! उद्या प्रत्येक जण आपापली दोरी बांधेल.” ठिणगीने विनवण्या केल्या, आवाज चढवला, शेवटी बाबांना काठीसकट त्यांच्यासमोर उभं केलं. सेक्रेटरींनी बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नकारही दिला. बाबा पाणी प्यायले नाहीत.

आता बाबांना उलट बोलणं शक्य नव्हतं, कारण पाठवायला मोठी तार लागते. निदान ऐकता तरी यावं, एवढंच उरलं. दोघा घरांनी मिळून ठरवलं, की जोडीदाराने रविवारी ठरल्या वेळी पाठवायचं, बाबांनी ऐकायचं, आणि ऐकून झालं की ठिणगीने जोडीदाराच्या मुलाला फोनवर एक शब्द धाडायचा, ‘मिळालं’. मुलगा तो बापाला वाचून दाखवील. त्याच सुमारास मुलाने ठिणगीला फोन करून हळूच सांगितलं, की गाठ पुन्हा आली आहे आणि या खेपेला डॉक्टरांनी हात टेकलेत. “बाबांना माहीत आहे,” तो म्हणाला, “पण ते एकच विचारतात. तिकडे ऐकू येतंय ना?”

तिकडे ऐकू येत नव्हतं. बाल्कनीच्या कठड्यावर हातभर लांबीची कांडी उभी करता येत होती, कपडे वाळत घालायची काठी म्हणून खपण्याइतकी. एवढ्याशा कांडीत हवेतला सिग्नल येतो तो नाममात्र, आणि तिला सरळ केबल जोडली तर केबलच तो पिऊन टाकते. इथे बफरच हवा होता. ठिणगीला मनातून बरंच वाटलं. आयुष्यभर परक्यांसाठी जे केलं ते एकदा बापासाठी करू, त्यात काय एवढं, असं ती स्वतःशी म्हणाली. गर्वाचं घर खाली असतं, पण ते बांधताना कुणाला दिसत नाही.

पहिला बफर केला, त्यात बाबांना शेजारच्या शहरातल्या बातम्या ऐकू आल्या. रेडिओचा काटा कुठेही न्या, तोच निवेदक, तेच हवामान. जवळच्या प्रसारण केंद्राचा दांडगा सिग्नल आत शिरून बफरची छाती दडपून टाकत होता आणि बाकीचे सगळे सिग्नल त्यात कालवले जात होते. बाबा म्हणाले, “जोडीदार आता बातम्या द्यायला लागला वाटतं.” ती हसली नाही. दुसरा बफर केला तो जास्त ताकदीचा, दांडग्याला पुरून उरणारा. तो वळवाच्या विजेने एका झटक्यात मेला. तोवर बरेच रविवार हातचे गेले होते.

तिसऱ्याला मात्र तिने जीव ओतला. ऑफिस सुटल्यावर ती तिथेच थांबायची. सोल्डरिंगच्या टेबलावरच्या मावशी तिच्यासाठी बारीक पार्ट बसवून द्यायच्या. मावशींचा एक खरखरता छोटा रेडिओ दिवसभर गाणी म्हणत असायचा, त्याशिवाय त्यांचा हात चालत नसे. बफर तयार झाला. कांडीच्या जागी तिची नक्कल करणारा छोटा कपॅसिटर लावला, एक प्रोब बफरच्या आत येणाऱ्या पायावर, म्हणजे जोडणीच्या टोकावर, दुसरा बाहेर जाणाऱ्या पायावर. पडद्यावर दोन रेघा आल्या, एकीवर दुसरी, केसाचाही फरक नाही. हळू सिग्नल दिला, जलद दिला, दांडगा दिला, क्षीण दिला. जसा आत तसा बाहेर. ठिणगीने टेबलावर हात आपटून म्हटलं, “झालं!” मावशी दचकल्या आणि त्यांच्या चिमट्यातला पार्ट कुठे उडाला तो पुन्हा सापडला नाही.

रविवारी तिने बफरची डबी कठड्याला बांधली, कांडी चढवली, बाबांच्या कानावर हेडफोन ठेवला. बाबांनी काटा फिरवला. मागे आणला, पुन्हा फिरवला.

“काय हो? येतोय ना?”

“फुसफुस येतेय. तव्यावर पाणी टाकावं तशी.”

“ती हवेतली असेल. किंवा इमारतीतल्या चार्जरांची.”

“असेल,” बाबा म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

तिने घरातले सगळे दिवे, पंखे, चार्जर बंद केले. फुसफुस तशीच. डबी पुन्हा ऑफिसात नेली, प्रोब लावले, दोन रेघा पुन्हा एकीवर एक. परत आणून बांधली, पुन्हा फुसफुस. चार वेळा नेली, चार वेळा आणली, आणि दर वेळी मोजमाप म्हणे, बफर निर्दोष आहे. मग उरलं काय? माणूस असा कोपऱ्यात सापडला की जे सगळ्यात जवळ असेल त्यावर बोट ठेवतो. एका रविवारी ती वैतागून म्हणाली, “बाबा, मी मोजलंय. बफर अगदी बरोबर आहे.”

बाबांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “मग माझे कान गेले,” ते म्हणाले.

त्यावर ‘नाही हो’ असं तिने लगेच म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. तिला वाटलं, असेलही. आणि एकदा तसं वाटल्यावर तिला थोडं हायसं वाटलं, हे तिला नंतर फार जाचलं.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाबांना काचेच्या खोलीत बसवलं, बारीक आवाज ऐकवले आणि म्हणाले, वयाच्या मानाने ठीक, पण बारीक सूर थोडे कमी येतात. जोडीदाराचा सूर काही तेवढा बारीक नव्हता, पण आकडे दिसले की इंजिनिअर माणूस त्यांना घट्ट धरतो. श्रवणयंत्र आलं. बाबांनी ते लावलं आणि म्हणाले, “आता फुसफुस मोठी येते.” हा विनोद होता. त्यांनी तो केला आणि त्यावर तेच हसले. नंतर रेडिओजवळ बसणं त्यांनी कमी केलं. रविवारी तेवढे बसायचे, ठरल्या वेळेला, शर्ट बदलून. बाकीचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवताना घास चुकून ताटाबाहेर पडला तर पूर्वी स्वतःला शिव्या द्यायचे, आता त्याही देत नसत. एकदा तिने ऐकलं, ते पलंगाच्या लाकडावर बोटाने टकटक करत होते. थांबून ऐकत होते. पुन्हा टकटक.

पहिल्या रविवारी त्यांनी तिला ‘मिळालं नाही’ असंच कळवायला सांगितलं होतं. पुढच्याही. जोडीदाराच्या मुलाने कळवलं, की त्याचे वडील फार खट्टू झाले, उठून पुन्हा यंत्रावर बसले, पुन्हा सगळं पाठवलं, मग रात्रभर खोकत होते. त्यानंतर बाबा उत्तर सांगायला वेळ लावू लागले.

मग तो रविवार आला. ठरल्या वेळी बाबा बसले, ठिणगी शेजारी दुसरा हेडफोन लावून. तिला ती भाषा तोडकीमोडकीच यायची, पण तिलाही जाणवलं, की फुसफुशीच्या मागे काहीतरी हलतंय. ठोके पडत होते. खूप लांब, भिंतीपलीकडच्या माणसाने दार वाजवावं तसे. बाबा पुढे वाकले. त्यांचे ओठ हलू लागले.

“तोच आहे,” ते म्हणाले. “ताणतोय बघ. तोच आहे.”

“काय म्हणतायत?”

“अक्षर हाती लागत नाहीये. आहे, पण लागत नाहीये.” त्यांनी श्रवणयंत्र काढून फेकलं, हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबला. “जरा कमी कर ना ती फुसफुस! ठिणगे, काहीतरी कर!”

तिने काटा फिरवला, खटके दाबले, बाल्कनीत जाऊन डबी हलवली. काहीच होत नव्हतं. जोडीदार पाठवत होता. एरवी तो थोडक्यात आटपायचा. त्या दिवशी थांबायचा, पुन्हा सुरू करायचा, पुन्हा थांबायचा. बाहेर दिवे लागले, समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उजळल्या, तरी तो पाठवतच होता. बाबांच्या हनुवटीवरून घाम ओघळत होता. मग ठोके बंद पडले आणि नुसती फुसफुस उरली.

बाबांनी हेडफोन काढला आणि म्हणाले, “कळव. मिळालं म्हणून.”

“बाबा, पण मिळालं कुठे?”

“मिळालं नाही म्हटलं तर तो पुन्हा बसेल. आज त्याच्यात ते त्राण नाही. हातावरून कळतं मला.”

“पण तुम्हीच म्हणायचात ना, की न मिळालेलं मिळालं म्हणणारा ऑपरेटर जहाज बुडवतो.”

“म्हणायचो,” बाबा म्हणाले. “कळव.”

तिने तो शब्द टाइप केला. बोट पाठवायच्या खुणेवर जरा वेळ थांबलं. मग तिने पाठवून दिला.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, ती ऑफिसात डबी पुन्हा उघडून बसली होती. आता करण्यासारखं काही राहिलं नव्हतं, पण हात गप्प बसेनात. दोन्ही प्रोब लावले. दोन रेघा, एकीवर एक. तिने चिडून आतल्या पायावरचा प्रोब ओढून काढला. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर मावशींच्या रेडिओतलं गाणं बसलं आणि फुसफुस सुरू झाली.

“झालं का सुरू पुन्हा!” मावशी म्हणाल्या. “चांगलं कडवं आलं की हे असं होतं.”

ठिणगीने प्रोब परत टेकवला. गाणं आलं. काढला. फुसफुस. टेकवला. गाणं.

तिला सगळं कळलं, आणि कळण्यात काही सुख नव्हतं. बफर बिघडलेला होता. पहिल्या दिवसापासून. आत येणारा पाय आणि कांडीची तार मिळून तो फार वरच्या पट्टीत, माणसाला किंवा तिच्या पडद्यावरच्या रेघेला पत्ता लागणार नाही अशा पट्टीत, स्वतःशीच किंचाळत होता, आणि त्या किंचाळण्यात खालचे क्षीण सिग्नल चिरडले जात होते. फक्त प्रोब टेकला की गप्प बसायचा. प्रोब त्याच्यातला तो चढेलपणा थोडासा पिऊन टाकायचा. म्हणजे ती बघत असे तेवढा वेळ तो शहाणा, आणि कठड्यावर एकटा पडला की वेडा. मोजणारा हात मोजणीत मिसळतो, हे तिने इतक्या जणांना शिकवलं होतं. स्वतःचा हात मात्र तिने जमेस धरला नव्हता. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाने ही चूक केली नसती, कारण त्याच्याकडे एवढा भरवशाचा प्रोब नसता.

तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. बापाच्या तोंडावर तिने सांगितलं होतं, की मी मोजलंय. मावशींनी विचारलं, “रडतेस काय गं?” ती म्हणाली, “काही नाही, सोल्डरचा धूर गेला.” मावशींचं सोल्डरिंगचं यंत्र त्या वेळी बंद होतं.

इलाज अगदी क्षुल्लक होता. आतल्या पायाला चिकटून विजेला अडवणारा एक लहानसा रेझिस्टर, आणि कांडीकडे जाणारी तार निम्मी आखूड. बसवायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. प्रोब काढला, गाणं चालूच राहिलं. तिने प्रोब न लावताच डबी बंद केली आणि साहेबांना न सांगता घरी निघाली.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, “बाबा, तुमचे कान ठीक आहेत. माझा बफर किंचाळत होता. मीच चुकले.”

बाबा हळूहळू उठून बसले. “म्हणजे मी बहिरा नाही?”

“नाही.”

“मग तू मूर्ख.”

“हो.”

“एवढी शिकलेली?”

“हो बाबा.”

ते हसायला लागले. कितीतरी दिवसांनी असे पोटातून हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो चुकून चष्म्यावर पडला. मग म्हणाले, “लाव ती डबी.” तिने डबी लावली. हेडफोनमध्ये फुसफुस नव्हती. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावल्यावर एकेक वस्तू दिसू लागावी तसे दूरदूरचे लोक ऐकू येऊ लागले. कुणी कुणाला हवामान सांगत होतं, कुणी नुसतीच हाक मारत होतं. बाबा एकेकाचा हात ओळखायचा प्रयत्न करत राहिले. त्या आठवड्यात ते दोन्ही वेळा नीट जेवले, दाढी केली, आणि सेक्रेटरींच्या नावाने एक अस्सल बंदरावरची शिवी दिली.

रविवारी ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी ते शर्ट घालून बसले. ठिणगीनेही हेडफोन लावला. जोडीदाराच्या जागेवर काटा होता. जागा स्वच्छ होती. इतकी स्वच्छ, की कुणी श्वास घेतला असता तरी कळलं असतं. वेळ झाली. वेळ टळली. ठिणगीने काटा जरा इकडे, जरा तिकडे करून पाहिला.

“नको हलवूस,” बाबा म्हणाले. “बरोबर आहे.”

“उशीर झाला असेल त्यांना.”

बाहेर अंधार पडला. फुसफुस असती तर म्हणता आलं असतं, की तो आहे पण ऐकू येत नाही. आता तशी सोय नव्हती. बाबांनी हेडफोन गळ्यात उतरवला आणि म्हणाले, “आता नीट ऐकू येतंय. तो नाहीये.”

ठिणगीने जोडीदाराच्या मुलाला फोन लावला आणि बाबांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. त्याने बऱ्याच वेळाने उचलला. घोगऱ्या आवाजात म्हणाला, “ताई, काल पहाटे गेले. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं. घरात सगळी गडबड.”

बाबांनी हात पुढे केला, तिने फोन त्यांच्या हातात दिला.

“मी बोलतोय, बाळा.”

“काका,” तो म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. “काका, त्रास नाही झाला फार. मागच्या रविवारपासून अगदी शांत होते. त्या दिवशी किती वेळ पाठवत बसले होते! आई म्हणत होती, पुरे आता, तर हाताने गप्प बस म्हणायचे. मग तुमचं ‘मिळालं’ आलं. मी वाचून दाखवलं तर त्यांनी माझा हात घट्ट दाबला आणि यंत्र झाकून ठेवायला सांगितलं. परत हातसुद्धा लावला नाही त्याला.” तो थांबला. “काका, आम्हाला कुणालाच ती भाषा येत नाही. आवाज गेल्यापासून एवढं लांब ते कुणाशी बोललेच नव्हते. आमच्यासाठीही काही असेल त्यात. आई सारखी विचारतेय. काय म्हणत होते ते?”

ठिणगीने बाबांचा दंड धरला. काहीही सांगा, ती मनात म्हणत होती. सुखी राहा म्हणाले म्हणा, आईला जपा म्हणाले म्हणा, कुणाचं काय बिघडतं. कोण तपासायला येणार आहे?

बाबांनी फोन तोंडाशी नेला. “मला ते मिळालं नाही, बाळा,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“ऐकू आलं नाही. तो दमेल म्हणून मी खोटं कळवलं.”

“चूक माझी होती, दादा,” ठिणगी फोनकडे वाकून म्हणाली. “यंत्र माझं होतं. बाबांची नाही, माझी चूक.” पण तो तिचं ऐकत नव्हता. पलीकडून कुणीतरी बाई विचारत होती, काय म्हणाले, काय म्हणाले, आणि तो तिला उत्तर देत नव्हता.

“म्हणजे काका,” तो शेवटी म्हणाला, “ते कुणालाच नाही पोचलं?”

“नाही,” बाबा म्हणाले. “कुणालाच नाही.”

फोन कधी बंद झाला ते दोघांनाही कळलं नाही. ठिणगीने उठून रेडिओ बंद करायला हात पुढे केला, तर बाबा म्हणाले, “राहू दे.” त्यांनी हेडफोन पुन्हा कानावर चढवला. तिने पंख्याचा वेग कमी केला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली.